वीस गाण्यांचे मुखडे, अंतरा एकाचाही नाही

पत्र थोडक्यात असं: सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या आणि पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका ४१ वर्षांच्या ताईंनी मुलासाठी गिटार घेतली. मुलानं क्लास सोडला, तेव्हापासून सव्वा वर्ष त्या स्वतःच मोबाइलवरचे धडे बघून शिकताहेत. लहानपणी मिरजेत गाणं शिकून त्यांनी प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. सासूबाई लवकर झोपतात, म्हणून रात्री दहानंतर तारांखाली रुमाल घालून त्या सराव करतात. आठवड्यातून दोन-तीनदाच जमतं आणि त्याची भरपाई रविवारी सलग तीन तास बसून होते. त्या लिहितात, "वीसेक गाण्यांची सुरुवात येते, पूर्ण गाणं एकही येत नाही. एफ कॉर्ड अजून वाजत नाही, माझी बोटं आखूड आहेत. गेल्या गणपतीत सोसायटीत वाजवायला बसले आणि दुसऱ्या ओळीला हात थांबला तो थांबलाच. मला खरं तर भावगीत म्हणताना स्वतःची साथ करता यायला हवी होती. सगळे म्हणतात, रोज दोन तास दिल्याशिवाय गिटार येत नाही. तेवढा वेळ मी कुठून आणू? क्लासला बारा-बारा वर्षांची मुलं असतात, तिथे जायला संकोच वाटतो. पैसे भरून ऑनलाइन कोर्स करू, चांगली गिटार घेऊ, की या वयात हा नाद सोडून देऊ?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाद सोडू नका. नोकरी, घर, सासूबाईंची झोप हे सगळं सांभाळून सव्वा वर्ष रात्री दहाला गिटार हातात घेणाऱ्या माणसाला ती मनापासून हवी आहे, याबद्दल मला शंका नाही. मी गिटार शिकवतो आणि माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीतली माणसं बरीच येतात. त्यातली जी मधेच सोडून जातात, त्यांची बोटं चालायला लागलेली असतात. "इतके दिवस झाले आणि अजून आपण कुठेच नाही" या विचारानं ती थकतात. तुमच्या पत्रात तो थकवा दिसला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सव्वा वर्षात वीस गाणी म्हणजे साधारण तीन आठवड्यांना एक नवं गाणं. गाण्यात पहिल्या दोन ओळी सोप्या असतात, खरी अडचण पुढे असते. मुखड्यावरून अंतऱ्याकडे जाताना कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) बदलतात, ठेका थोडा वेगळा पडतो, आणि नेमक्या तिथे हात अडखळायला लागला की पुढचा धडा समोर येऊन उभा राहतो. तुम्ही कमी कष्ट घेतलेत असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही वीस वेळा सुरुवात शिकलात आणि सुरुवात तुम्हाला उत्तम येते. अडलेल्या जागी थांबून तीच जागा घोटण्याची वेळ मात्र तुम्हाला कधी मिळालीच नाही.

मोबाइलवरच्या धड्यांत ही एक अडचण असतेच. शिकवणारा बारा मिनिटांत गाणं समजावून सांगतो, आपल्याला ते समजतं, आणि समजलं म्हणजे आलं असं वाटतं. समजायला बारा मिनिटं पुरतात, बोटांना पंधरा-वीस दिवस लागतात. तुमच्या गाण्याच्या गुरुजींनी किंवा बाईंनी तुम्हाला हे कधी करू दिलं नसतं. 'सारेग, रेगम' हा अलंकार एकपटीत, मग दुगुणीत, मग आकारात, असा किती आठवडे घोटून घेतला असेल आठवा. तो पक्का होईपर्यंत पुढचा राग मिळत नसे, आणि त्यामुळे आपण मागे पडतोय असं तुम्हाला तेव्हा वाटलं नसेल. ती शिस्त तुमच्या अंगात आहे. गिटारला ती लावली नाही, एवढंच झालंय.

म्हणून पहिली सूचना. त्या वीस गाण्यांतलं एक निवडा आणि बाकीची एकोणीस तूर्त बाजूला ठेवा. धडा संपला कधी म्हणायचं, तर ज्या दिवशी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, सावकाश लयीत का होईना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाजवता आलं, आणि मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच वाजवता आलं, त्या दिवशी. मधले दिवस महत्त्वाचे, कारण त्याच संध्याकाळी वाजलं तर ते अजून ताजं असतं. त्या आधी नवा धडा उघडायचा नाही. धडा बघतानाही गिटार मांडीवर घेऊ नका. एकदा नुसता बघा, कॉर्ड कागदावर उतरवून घ्या, मोबाइल बंद करा आणि कागदावरून वाजवा. अडलं की तेवढाच प्रश्न घेऊन धड्याकडे परत जायचं. सतत त्याच्याबरोबर वाजवत राहिलं तर त्याचा हात आपल्याला ओढत नेतो, आणि धडा बंद केला की काय उरलंय ते कळतं.

आता गाणं कोणतं घ्यायचं? तुम्ही सहज लिहून गेलात, "मला भावगीत म्हणताना स्वतःची साथ करता यायला हवी होती." माझ्या मते तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात मोलाचं वाक्य आहे, आणि तुम्ही जे धडे बघता त्यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. तारा छेडत सुरावट काढण्याचे, सिनेमाच्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा हुबेहूब वाजवण्याचे धडे चांगले असतात, पण ते वेगळं काम आहे. साथीला चार कॉर्ड, एक स्थिर ठेका आणि आपल्या गळ्याची पट्टी लागते. यातली तिसरी गोष्ट तुमच्याकडे आधीपासूनच आहे, आणि बहुतेक नवशिक्यांकडे ती नसते.

पट्टीचं जरा समजून घ्या, कारण गाणी अर्धवट राहण्याचं एक कारण इथेही दडलेलं असू शकतं. धड्यातला माणूस त्याच्या आवाजाच्या पट्टीत वाजवतो. तुम्ही त्याच पट्टीत गायला गेलात तर अंतऱ्यात आवाज एकतर चढत नाही किंवा खाली हरवतो, मग गाणं बंद होतं आणि नुसते कॉर्ड उरतात. नुसत्या कॉर्डमध्ये पुढची ओळ कधी येणार हे कळत नाही. तुमची पट्टी पेटीवरची काळी चार असेल, तर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या घरात, लावा आणि जी, सी, डी, ई मायनर हेच नेहमीचे आकार वाजवा. तुमचा सा बरोबर काळी चारवर येईल. काळी पाचमध्ये गात असाल तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावायचा, बाकी सगळं तसंच. कॅपो वापरणं ही पळवाट नाही, मोठमोठे वादक तो वापरतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला लगेच पटेल. जीच्या आकाराला सा धरलं तर जी कॉर्डमध्ये सा-ग-प हे स्वर आहेत, सीमध्ये म-ध-सा, डीमध्ये प-नि-रे आणि ई मायनरमध्ये ध-सा-ग. आता तुमच्या आवडीचं, शुद्ध स्वरांचं एखादं साधं भावगीत घ्या आणि सरगम म्हणून बघा. ओळ पंचमावर विसावते की मध्यमावर? मध्यमावर विसावली तर सी लावून बघा, रिषभावर थांबली तर डी. गांधारावर थांबली तर जी आणि ई मायनर दोन्ही लागतील, कानाला गोड वाटेल तो ठेवा. अशा रीतीनं स्वतः बसवलेली साथ तुम्ही विसरणार नाही, कारण ती पाठ केलेली नसेल. भैरवीतली किंवा कोमल स्वरांनी भरलेली गाणी नंतरसाठी ठेवा, तिथे कॉर्ड ठरवणं अवघड होतं.

ठेक्यासाठी मेट्रोनोमची नुसती टिकटिक नको वाटत असेल तर तबल्याचं अ‍ॅप लावा. केरव्याच्या आठ मात्रांवर खाली-वर, खाली-वर असा उजवा हात फिरू द्या. दादरा असेल तर 'धा'ला जाड तार आणि पुढच्या दोन मात्रांना हलके फटकारे, मग पुन्हा तसंच. लय इतकी सावकाश ठेवा की कॉर्ड बदलताना हात थांबणार नाही. मिनिटाला पन्नास-साठ मात्रांच्या गतीला कंटाळा येतो, पण चूक नेमकी कुठे होते ते तिथेच दिसतं. एक नियम मात्र काटेकोर पाळा: डावा हात चुकला तरी उजवा थांबवायचा नाही. कॉर्ड अर्धवट लागू दे, तारा मोकळ्या वाजू देत, फटकारा चालूच राहिला पाहिजे. ऐकणाऱ्याला चुकलेला कॉर्ड फारसा कळत नाही, थांबलेली लय लगेच कळते.

कॉर्ड बदलताना बोटं उचलून पुन्हा ठेवण्यात वेळ जातो, म्हणून जी बोटं उचलावी लागत नाहीत ती शोधा. सीवरून ए मायनरला जाताना पहिलं आणि मधलं बोट जागच्या जागी राहतं, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. जी चार बोटांनी धरला, म्हणजे अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला, तर सीच्या जागी 'सी अ‍ॅड नाइन' आणि पुढे डी लावताना ती अनामिका तिथेच बसून राहते. बाकीची बोटं तिच्याभोवती फिरतात. अशी एक जोडी घेऊन मिनिटभर घड्याळ लावा आणि किती वेळा स्वच्छ बदल होतो ते मोजा. आकडा वहीत लिहा. सव्वा वर्षात आपण कुठेच पोचलो नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना हा आकडा दर आठवड्याला बदललेला दिसतो आणि फार आधार देतो.

आता एफ. आखूड बोटांमुळे एफ येत नाही असं तुम्ही धरून चालला आहात. मी तसं लगेच मान्य करणार नाही, कारण एफ हा नवशिक्याला मिळणारा सगळ्यात वाईट जागचा बार कॉर्ड, म्हणजे एक बोट तारांवर आडवं टाकून धरायचा कॉर्ड, आहे. साडेसहाशे मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि पाचवा साधारण २९. शिवाय पहिल्या फ्रेटच्या शेजारीच नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) असतो, तिथे तार सगळ्यात ताठ लागते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरून बघा, तो ए कॉर्ड होतो. तिथे वाजला, तर तुमच्या बोटांत काही कमी नाही. पाचव्यावर आठवडाभर धरा, मग चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं एकेक फ्रेट खाली या. पहिल्या बोटानं सहाही तारा दाबायच्या असतात हाही गैरसमज आहे. मधल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात, पहिल्या बोटाला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच स्वच्छ वाजवायच्या असतात. बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाच्या कडेवर किंचित कलवा, फ्रेटच्या पट्टीला अगदी लगटून ठेवा, आणि अंगठ्यानं चिमटा काढण्याऐवजी कोपरातून हात मागे ओढून जोर द्या. आखूड बोटांना गिटारची मान थोडी वर उचलल्यानं आणि अंगठा मानेच्या मागे जरा खाली नेल्यानं खूप फरक पडतो.

तोवर गाणं अडवून धरायचं कारण नाही. अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, पहिली तार मोकळी आणि जाड दोन तारा सोडून द्यायच्या, हा 'एफ मेजर सेव्हन' बहुतेक गाण्यांत एफच्या जागी चालतो. तो जमला की पहिल्या बोटानं पहिली तारही दाबली की झाला छोटा एफ. साथीपुरतं तेवढं पुष्कळ आहे. किंवा सी, ए मायनर, एफ, जी असं गाणं असेल तर कॅपो पाचव्या फ्रेटवर लावून जी, ई मायनर, सी, डी वाजवा. पट्टी तीच राहते आणि एफ लागतच नाही.

एफ न वाजण्यात गिटारचाही दोष असू शकतो, आणि नवी गिटार घ्यायची की नाही याचं उत्तर तिथेच मिळेल. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व पट्टी यांच्यात किती फट दिसते ते बघा. कागद जाईल एवढीच असायला हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर नट उंच आहे. बाराव्या फ्रेटवरही मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं तारेची उंची मोजा. पोलादी तारांच्या गिटारला दोन-अडीच मिलिमीटर ठीक, साडेतीनच्या वर गेली तर कुणाचीही बोटं दुखतील. हे दुरुस्त करून मिळतं आणि त्याला नव्या गिटारच्या मानानं फारच कमी खर्च येतो. मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथले कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, तारांखालच्या घोडीचा केसाएवढा भाग घासून आवाज बदलतात. त्यांच्यापैकी कुणी गिटारचंही काम करतं का, हे विचारून या. गिटारचा नट आणि ब्रिज, म्हणजे तिची घोडी, हाही तसाच बारीक हिशोब आहे. दुकानात गेलाच आहात तर तारा बदलून घ्या आणि नेहमीच्या बारा नंबर जाडीच्या जागी दहाचा बारीक संच मागा, दाब कमी लागतो. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेली क्लासिकल गिटार असेल तर तिच्यावर मात्र पोलादी तारा कधीही चढवू नका, त्यांच्या ताणानं ब्रिज उखडतो. पावसाळ्यात गिटार ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात, आणि मग आपण आपल्याच बोटांना दोष देत बसतो.

वेळेचा प्रश्न. रोज दोन तासांचा दंडक कुठून आला असेल? १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हजारो तासांच्या सरावाच्या गोष्टी त्यानंतर सगळीकडे पसरल्या. पण तो व्हायोलिनवर पोट भरू पाहणाऱ्या तरुणांचा अभ्यास होता, आणि त्यातही भर होता तो आपली उणीव हेरून तिच्यावर एकाग्रपणे केलेल्या सरावावर. तुम्हाला घरच्या बैठकीत चार भावगीतं म्हणायची आहेत. त्यासाठी रोज वीस मिनिटं पुरतात, अट एवढीच की ती रोज हवीत. रविवारचे तीन तास मोडून आठवडाभर पसरा, रोजची वीस मिनिटं त्यातच निघतील. पाठांतर एका बैठकीत करण्यापेक्षा दिवसांत विभागून केलेलं जास्त टिकतं, हे हरमान एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच दाखवून दिलंय. बोटांच्या कामात झोपेचाही मोठा वाटा असतो. संध्याकाळी शिकलेला बोटांचा क्रम रात्रीच्या झोपेनंतर सकाळी जास्त सफाईनं होतो, असं प्रयोगांत दिसलंय. रात्री दहाची वेळ तुम्हाला गैरसोयीची वाटते, पण शिकण्याच्या दृष्टीनं ती चांगली वेळ आहे.

त्या वीस मिनिटांत काय करायचं, ते बसण्याआधी ठरवा. नाहीतर जे येतं तेच पुन्हा वाजवलं जातं, म्हणजे मुखडा. गिटार ट्यूनरवर लावून घेतलीत की आधी अंतरा वाजवा, मुखडा शेवटी. मग सर्वात कच्चा सांधा घ्या, म्हणजे मुखड्याची शेवटची ओळ आणि अंतऱ्याची पहिली ओळ, आणि फक्त तेवढाच तुकडा फिरवत राहा. नंतर कॉर्डच्या दोन-तीन जोड्या आळीपाळीनं. एकच जोडी वीस मिनिटं केली तर त्या वेळेपुरती छान वाटते, दुसऱ्या दिवशी निसटते. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात नेमकं हेच आढळलं. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे होते, आणि मिसळून सराव करणाऱ्यांनी दहा दिवसांनंतरच्या चाचणीत त्यांना मागे टाकलं. म्हणून मिसळून केलेला सराव अडखळता वाटला तर निराश होऊ नका. शेवटी एकदा पूर्ण गाणं, चुकलं तरी न थांबता, आणि गिटार ठेवून द्यायची. ज्या दिवशी खूपच दमलेल्या असाल त्या दिवशी पाच मिनिटं करा. फक्त ती करा.

रुमालाबद्दल मला थोडी काळजी आहे. रुमाल घातला की न दाबली गेलेली तार, फ्रेटवर घरघरणारी तार, सगळं झाकलं जातं. उजवा हातही भीत भीत चालायला शिकतो, आणि मग सोसायटीत चार माणसांसमोर मोकळा आवाज ऐकून आपणच दचकतो. रात्री रुमाल घालून कॉर्डचे बदल आणि लय करा. सकाळी, कामाला निघण्याआधी, रुमाल काढून पाच मिनिटं एकेक तार सुटी वाजवून कॉर्ड स्वच्छ आहेत का तपासा. सासूबाई त्या वेळी जाग्या असतीलच. त्यांना एखादं भावगीत आवडत असेल तर साथीला पहिलं तेच घ्या, सकाळच्या आवाजाला परवानगी सहज मिळेल.

बोटांची टोकं दुखणं पहिले काही आठवडे चालतं, तिथली कातडी जाड होते. मनगट दुखणं, अंगठ्याच्या बुडाशी कळ येणं किंवा बोटांना मुंग्या येणं मात्र चालवून घेऊ नका. पतसंस्थेत दिवसभर कीबोर्डवर हात असतो, त्यावर वाकलेल्या मनगटानं तीन तास गिटार म्हणजे अतीच झालं. असं काही होत असेल तर दोन-चार दिवस थांबा, आणि तरीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

गणपतीत हात का थांबला, याचं मला नवल वाटलं नाही. घरी तुम्ही चुकलात की थांबता आणि पहिल्यापासून सुरू करता. म्हणजे थांबण्याचा आणि पहिल्या ओळीचा सराव भरपूर झाला, चुकीवरून पुढे जाण्याचा झालाच नाही. लोकांसमोर हाताला सवयीचं तेच सुचलं. उत्सवाच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून एकदा, हात न गरम करता, बसल्या बसल्या पूर्ण गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. एकच संधी, पुन्हा नाही. ते लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका आणि एकच जागा सुधारायला निवडा. मग मुलासमोर, मग एखाद्या मैत्रिणीसमोर वाजवा. गाण्यात अशा तीन-चार जागा ठरवून ठेवा जिथून कधीही सुरुवात करता येईल. हात अडला तर पुढच्या जागेवर उडी घ्यायची, गळा चालू ठेवायचा. सोसायटीतल्या लोकांना तुमचं गाणं ऐकायचं असतं, गिटार तुमच्या मागे असेल.

क्लास की कोर्स? तुमच्याकडे धडे कमी नाहीत, म्हणून कोर्सचे पैसे तूर्त राखून ठेवा. मोबाइल तुमचं मनगट बघू शकत नाही, माणूस बघू शकतो. त्यासाठी शिक्षक हवा, पण रोजच्या तुकडीत बसायची गरज नाही. सांगली-मिरजेत शिकवणाऱ्या कुणाकडेही जाऊन सरळ विचारा, "महिन्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, एकटीला वेळ द्याल का?" बरेच शिक्षक देतात, कारण ठरवून येणारा मोठा विद्यार्थी त्यांनाही आवडतो. तुकडीतच बसावं लागलं तरी संकोच करू नका. त्या मुलांना कॉर्ड पटकन लागतील, पण सा कुठे आहे ते त्यांना तुमच्याकडून ऐकावं लागेल. पहिल्या भेटीला जाताना ते एक गाणं आणि वहीतले आकडे घेऊन जा. गाणं म्हणत वाजवून दाखवा आणि फक्त एवढं विचारा की माझा हात नेमका कुठे आणि का अडतो. जो शिक्षक उत्तर देण्याआधी तुमच्या अंगठ्याकडे आणि मनगटाकडे बघेल, तो तुमच्या कामाचा. जो ते न बघता बाराखडीपासून सुरू करू म्हणेल किंवा पहिल्याच भेटीत नवी गिटार घ्यायला सांगेल, त्याच्याकडे थांबू नका, दुसरा बघा.